विशालाक्षीचं जेवण

विशालाक्षीला एका जागी बसवत नसे. विळीवर वांगी चिरताना ती मधेच उठे, पुढच्या दारापर्यंत जाई, रस्त्यावर कोण चाललंय ते पाही आणि परत येऊन चिरू लागे. भात चुलीवर असला की झाकण उघडून उघडून बघे. "भात पळून जातो की काय?" असं तिचा नवरा राजगोपाल विचारी. तिला त्याचं हसू येई, पण हात पुन्हा झाकणाकडे जाईच.

लग्न होऊन ती तंजावरहून मद्रासला आली ती थेट वेस्ट मांबलमला. पुढे एक खोली, मधे एक, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे विहिरीचं अंगण आणि विहिरीच्या कठड्याला टेकलेला जुईचा वेल. राजगोपाल जॉर्ज टाउनमध्ये एका जहाज-एजंटाच्या कचेरीत कारकून होता. सकाळी जेवून तो मांबलम स्टेशनवर गाडी धरी आणि दिवे लागायच्या सुमारास परत येई. घरात मराठी चाले ती तंजावरची, पुण्याच्या माणसाला निम्मी कळली तर कळली. त्यांची मुलगी चंद्रिका तर तमिळच जास्त बोले. पोट भरलं की "पोदुम" म्हणे, म्हणजे पुरे.

पण पोदुम म्हणायची वेळ सहसा येत नसे, कारण विशालाक्षी तिला चालता चालता भरवी. कडेवर पोर, हातात एव्हरसिल्व्हरची, म्हणजे स्टीलची वाटी, वाटीत वरणभात कालवलेला आणि वर तूप. अंगणातून एक फेरी, मग गल्लीच्या टोकापर्यंत, तिथून रुळावरची गाडी दिसे. गाडी गेली की एक घास. पुढची गाडी येईपर्यंत इकडच्या तिकडच्या गोष्टी. अशी वाटी कधी रिकामी झाली ते पोरीलाही कळत नसे. एका जागी बसून जेवणं दोघींनाही माहीत नव्हतं.

चंद्रिका चार वर्षांची असताना विशालाक्षीला खोकला लागला. पावसाळ्याचे दिवस होते, घरोघरी खोकला होता, कोणी मनावर घेतलं नाही. ती सुंठीचा कषाय पिई आणि कामाला लागे. मग दुपारचा ताप येऊ लागला, चोळ्या सैल झाल्या, आणि एका सकाळी चूळ भरताना मोरीत लाल दिसलं. तिने पाणी ओतून मोरी धुतली, पुन्हा धुतली, आणि मग राजगोपालला हाक मारली.

क्षयाच्या सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. डॉक्टर तरुण होते, सावकाश तमिळमध्ये बोलत. पूर्वीसारखं महिनोन्‌महिने रुग्णालयात पडून राहायचं कारण नाही, ते म्हणाले. आता औषध घरी घ्यायचं, वर्षभर. मुलीलाही तपासलं, तिची छाती स्वच्छ होती.

"खोकताना तोंडावर कापड धरा. घरात वारा खेळता ठेवा. ताटवाट्या वेगळ्या करायची गरज नाही," डॉक्टर म्हणाले. "पण औषध चुकवू नका. मधे मधे सोडलं तर रोग हट्टी होतो. आणि जेवण झाल्यावर घ्या, उपाशीपोटी नको."

राजगोपालने सगळं लक्ष देऊन ऐकलं. विशालाक्षीने 'वर्षभर' हा शब्द ऐकला आणि त्यापुढचं तिला काही ऐकूच आलं नाही. तिची एक मावशी तंजावरला याच रोगाने गेली होती. मागच्या खोलीच्या दारातून मावशीचं ताट काठीने आत सरकवत, हे तिने लहानपणी पाहिलं होतं. परत येताना गाडीत चंद्रिका मांडीवर बसायला आली, तेव्हा तिने तिला उचलून राजगोपालच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः खिडकीबाहेर तोंड करून बसली.

घर चालवायला राजगोपालची थोरली बहीण कनका कुंभकोणमहून आली. तिला सगळे अक्का म्हणत. लहानपणीच विधवा झालेली, एकवेळ जेवणारी, सोवळ्याची कडक, आणि कामाला वाघीण. डॉक्टरांनी काय सांगितलं ते राजगोपालने तिला समजावलं. तिने मान डोलावली आणि आपल्या मनासारखं केलं. पुढची खोली विशालाक्षीची. तिचं ताट, तांब्या, पेला वेगळा. मधल्या खोलीचा उंबरठा चंद्रिकेने ओलांडायचा नाही.

"माझ्यावर रागावू नकोस, बाई," अक्का म्हणाली. "डॉक्टर शिकलेला आहे, खरं आहे. पण पोर आपली आहे, त्याची नाही."

विशालाक्षीला राग आला नाही. अक्काने केलं नसतं तर तिने स्वतःच केलं असतं. तिला स्वतःच्या श्वासाचीच भीती वाटत होती. चंद्रिका उंबरठ्यावर येऊन उभी राहिली की ती पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळे, आणि पोर गेली की उठून खोलीत येरझारा घाली. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. आतून अक्काच्या फोडणीचा आवाज येई. हिंग जास्त झाला, चिंच कमी पडली, हे तिला वासावरून कळे. सांगायला तोंड उघडावं आणि पुन्हा मिटावं.

चंद्रिकेने जेवणं सोडलं ते एकदम नाही. आधी तिने वांगं नको म्हटलं, मग वरण, मग भात. अक्का तिला पाटावर बसवून भरवी, पण पोर घास गालात धरून ठेवी, गिळत नसे. एक गाल फुगलेला, डोळे उंबरठ्याकडे. अक्काने गोडीने करून पाहिलं, धाक दाखवून पाहिला. पुढे पुढे ताट रिकामं होऊ लागलं तेव्हा अक्काला वाटलं, वळण लागलं. पण पोरीचे हात काड्यांसारखे होत चालले होते आणि ते कोणाला उलगडत नव्हतं.

इकडे विशालाक्षीचं औषध चालू होतं, म्हणजे तसं सगळ्यांना वाटत होतं. रोज एक साधी गोळी आणि त्याबरोबर तांदळाच्या पातळ पापुद्र्यात भरलेल्या मोठाल्या पांढऱ्या चपट्या पुड्या, पाण्यात बुडवून अख्ख्या गिळायच्या. त्या घेतल्या की पोट ढवळून निघे. ती त्या सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटीच घेऊन टाकी, एकदाचं संपवावं म्हणून, आणि मग दुपारपर्यंत अन्नाचा वास सहन होत नसे. अक्काने दारात ठेवलेलं ताट ती खिडकीतून कावळ्यांना घाली. मग तिच्या मनाने हिशेब मांडला. खाल्लं नाही तर मी मरणार. या पुड्या मला खाऊ देत नाहीत. म्हणजे या पुड्याच मला मारतात. एक दिवस तिने पुड्या पदरात बांधल्या आणि अंघोळीला विहिरीवर गेली तेव्हा जुईच्या बुडाशी माती उकरून त्यात दाबल्या. त्या दिवशी तिला जरा भूक लागली. दोन दिवस नेमाने घेई, तिसऱ्या दिवशी पुन्हा मातीत. दवाखान्यातून नर्स मधूनच येऊन उरलेलं औषध पाही. ते बरोबर भरे.

मार्गशीर्षात अक्का पहाटे उठून अंगणात रांगोळी घाली आणि देवासाठी जुईची फुलं काढी. एका सकाळी वेलाखाली मुंग्यांची रांग दिसली. तिने काटकीने माती उकरली. वरच भाताचे गोळे निघाले, काही वाळून खडे झालेले, काही कालचेच. त्याखाली फुगून फुटलेल्या पांढऱ्या पुड्या.

अक्का ओरडली नाही. तिने सगळं केळीच्या पानावर घेतलं आणि पुढच्या खोलीत विशालाक्षीसमोर ठेवलं. राजगोपाल तिथेच कॉफी पीत होता.

"हा भात चंद्रीचा असणार," अक्का म्हणाली. "हे पांढरं कोणाचं?"

चंद्रिका उंबरठ्याशी आली होती. अक्काने तिला विचारलं, "भात तिथे कोणी पुरला ग?"

"मी," चंद्रिका म्हणाली. ती घाबरलेली नव्हती. "अम्मा तिथे ठेवते. मी पण ठेवते."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिने आईला पाहिलं होतं. उंबरठ्यापलीकडे गेलेल्या आईचं एवढं एकच काम तिला करता येण्याजोगं होतं, आणि ती ते मन लावून करत होती.

राजगोपाल मवाळ माणूस. त्याने कॉफीचा पेला खाली ठेवला. तो विशालाक्षीला म्हणाला, "का?"

"मला जेवता येत नव्हतं," विशालाक्षी म्हणाली.

त्या दिवशी तो कचेरीत गेला नाही, तिला घेऊन दवाखान्यात गेला. पुन्हा थुंकी, पुन्हा फोटो. डॉक्टर रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते फोटो उजेडाकडे धरून पाहत राहिले. जंतू अजून होते. फुप्फुसावरचा डाग होता तिथेच होता.

"याच औषधाने अजून गुण येईल असं मला वाटतं," ते म्हणाले. "पण आणखी असं चाललं तर हे औषध चालेनासं होईल. दुसरं देण्यासारखं आमच्याकडे फारसं नाही. जेवणानंतर घ्या असं सांगितलं होतं ना?"

विशालाक्षीने राजगोपालकडे पाहिलं. त्याने मान हलवली. सांगितलं होतं.

घरी आल्यावर अक्का म्हणाली, "मी पोरीला कुंभकोणमला नेते. इथे राहिली तर दोघी जातील." राजगोपालने अडवलं नाही, म्हणजे त्याला पटलं होतं. अक्काने चंद्रिकेची छोटी पेटी माळ्यावरून खाली काढली.

ती अख्खी दुपार विशालाक्षी चालत होती. पुढच्या खोलीत मावेना म्हणून अंगणात आली, विहिरीला वळसा घातला, पुन्हा आत. पाठवावं, तिकडे चांगलं अन्न आहे, मोकळी हवा आहे. नको, तिकडे गेली तर तिकडेही माती आहे, तिकडेही ती भात पुरेल. पाठवावंच. परत आली तर मला ओळखेल का. तिला घाम फुटला आणि ती विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिली. मग सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेली.

"अक्का," ती म्हणाली. "पोंगलचा सण होऊ द्या. तोपर्यंत ती जेवायला लागली नाही तर न्या. पेटी मी भरून देईन."

"आणि तू?"

"मी पण जेवते. उद्यापासून स्वयंपाक मला करू द्या."

अक्काने नकार दिला. हलकं काम करायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणालेत, हे राजगोपालने सांगितलं. अक्काने त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि कमरेची किल्ली काढून डब्यांच्या फळीवर ठेवली. तिने स्वयंपाकघर सोडलं, पण दार सोडलं नाही. डाळ निवडायला ती दारातच बसली.

दुसऱ्या दिवशी विशालाक्षीने नाकातोंडावर पंचा बांधला आणि रसवांगी केली. वांगी, तुरीची डाळ, चिंच, भाजलेल्या धण्याखोबऱ्याचं वाटण. वाटण परतताना वास उठला तशी तिने भिंत धरली, डोळे मिटले, आणि पुन्हा उलथनं फिरवू लागली. मग दोन ताटं वाढली. चंद्रिकेचं आत चुलीजवळ, स्वतःचं मागच्या दारात, वारा बाहेर जाईल असं. दोघींच्या मधे सगळं स्वयंपाकघर. विशालाक्षीने पंचा सोडला आणि खाली बसली. इतक्या दिवसांनी पोरीने आईचं अख्खं तोंड पाहिलं.

"खा, चंद्री."

"तू खा."

विशालाक्षीने घास घेतला. चंद्रिकेने पाहिलं. तो गिळला जातोय का हे ती गळ्याकडे बघून ठरवत होती. मग तिने एक घास घेतला. गाल फुगवून तशीच बसली.

"गीळ."

"तू अजून एक खा."

असे पाच-सहा घास झाले. विशालाक्षीने त्यावर औषध घेतलं आणि थोड्या वेळात तिला सगळं मोरीत टाकावं लागलं. चंद्रिकेने ते पाहिलं आणि आपलं ताट दूर सारलं. दारातून अक्काचा सुस्कारा ऐकू आला.

पुढचे दिवस काही सरळ गेले नाहीत. विशालाक्षीने मसाला सोडला, दहीभात आणि डांगर पचडी करून पाहिली. भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवलेलं, आंबट, गार, ते तिच्या पोटात राहिलं. एक दिवस पोर चांगली जेवली आणि विशालाक्षीला हसू आलं. दुसऱ्या दिवशी पोरीने तोंडच उघडलं नाही. विशालाक्षी उठून ओरडली, "खातेस की नाही? मरायचंय तुला?" चंद्रिका रडत अक्काच्या कुशीत शिरली. अक्का तिला घेऊन मधल्या खोलीत गेली आणि पेटीत परकर घालून ठेवू लागली. विशालाक्षी परत आपल्या ताटापाशी बसली, कारण औषध घ्यायचं तर आधी जेवायला हवं होतं. ती रडत नव्हती. एकेक घास तोंडात घालत होती आणि पाण्याबरोबर उतरवत होती. जरा वेळाने चंद्रिका येऊन चुलीजवळ उभी राहिली.

"अम्मा, एवढा एवढा नाही," ती म्हणाली. "मोठा घास घे."

तेव्हापासून पोरीची हुकूमत सुरू झाली. घास लहान झाला तर ती बोट दाखवी. आई मधे थांबली तर तीही थांबे. जेवण झालं की विशालाक्षी पुड्या गिळून आ करून दाखवी, आणि चंद्रिका तिथूनच आपला आ करून दाखवी. दोन्ही तोंडं रिकामी दिसली म्हणजे उठायचं. विशालाक्षी बसून जेवायला शिकली ती अशी. उठली तर पोर जेवायची थांबे, म्हणून तिला उठता येत नसे. बाहेर गाडीचा आवाज आला की मान वळे, पण ती बसून राही.

पोंगलला अक्काने रीतीप्रमाणे पितळी भांड्यात गोड भात उतू घालवला. चंद्रिका काही गुबगुबीत झाली नव्हती, कोपरं तशीच टोकदार होती. पण तिने गोड भात मागून घेतला आणि गिळला. जेवणं झाल्यावर राजगोपालने अक्काला विचारलं, तिकीट कधीचं काढू?

"कोणाचं?" अक्का म्हणाली. "मी कुठे जात नाही. या दोघींना सोडून गेले तर कोण बघणार, कोण काय कुठे पुरते ते?" आणि तिने पेटी पुन्हा माळ्यावर चढवली. विशालाक्षीचा तांब्या-पेला मात्र ती वेगळाच घासत राहिली.

वर्षाचं औषध लांबून दीड वर्षाचं झालं. आधी जंतू गेले, मग हळूहळू डाग आकसला. अक्का कुंभकोणमला परत गेली तेव्हा विशालाक्षी तिच्या पाया पडली, आणि अक्काने तिच्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या दिवसांत तिला शिवायची अक्काची ती पहिलीच वेळ.

मनाची घालमेल मात्र औषधाने गेली नाही. चंद्रिकेला साधं पडसं झालं तरी विशालाक्षी तिच्या पाठीला कान लावून ऐके. शुक्रवारी शुक्रवारी तिला मांबलम स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्रावर उभं करी. यंत्रातून पुठ्ठ्याचं तिकीट पडे, त्याच्या एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. भविष्य चंद्रिका वाचून घेई, वजन आई. राजगोपाल म्हणे, "विशाला, पुरे आता." तीही म्हणे, "हो, पुरे," आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा जाई. स्वतःच्या हाताने पोरीला भरवणं तिने पुन्हा कधी सुरू केलं नाही. डॉक्टरांनी चालेल म्हटलं तरी नाही.

एकसष्ट साली दवाखान्याने तिला शेवटचं तपासलं. तेच डॉक्टर होते, केस जरा मागे हटले होते. फोटो पाहून ते म्हणाले, आता यायची गरज नाही. ती दोनदा विचारून आली, खरंच नाही? घरी पोचली तरी तिला बसवेना. तिने वांगी आणली होती, ती चिरली, भात टाकला, मधे दोनदा उठून पुढच्या दाराशी गेली.

चंद्रिका शाळेतून आली. आता ती दुसरीत होती, गुडघे खरचटलेले, वेण्या सुटलेल्या. दोघी समोरासमोर बसल्या. विशालाक्षीला सांगायचं होतं, पण चंद्रिकेला आधी वर्गातल्या भांडणाचं सांगायचं होतं, ते तिने तोंडात घास असतानाच सांगितलं. मग गल्लीतून तिच्या मैत्रिणीने हाक मारली. चंद्रिकेने उरलेला भात भराभर संपवला, उठता उठता ताटातलं वांगं तोंडात टाकलं.

"पोदुम," ती म्हणाली. आईच्या ताटाकडे तिने पाहिलंही नाही.

"हात धू आधी. चंद्री, पळू नकोस जेवून."

ती पळालीच. तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत गेला. विशालाक्षी उठायला निघाली, पाहून येते म्हणून, एक पाय उचललाही. मग तिने आपल्या ताटाकडे पाहिलं. भात निम्मा उरला होता. ती पुन्हा टेकली, पातेलं जवळ ओढलं, थोडा भात अजून वाढून घेतला आणि कालवू लागली.